कोरड्याला विटाळ नाही

कावळा शिवण्याची वाट पाहणारी बाई अख्ख्या लोणावळ्यात एकच असावी. ती गवळीवाड्यात राहत होती, तिचं नाव अंबू, आणि तिचा नवरा दिगंबरपंत रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होता.

महिन्याचे ते तीन दिवस बाईने कुणाला शिवायचं नाही, चौथ्या दिवशी न्हाऊन पुन्हा चुलीपुढे उभं राहायचं, अशी रीत. इतर घरांतल्या बायका ते दिवस कसेबसे ढकलत. अंबू मागच्या पडवीत घोंगडी अंथरून बसली की तिचा चेहरा माहेरी निघालेल्या मुलीसारखा दिसे. उरलेले सत्तावीस दिवस तिचे नव्हते. त्यांत सडा होता, विहिरीचं पाणी होतं, सोवळ्यातला स्वयंपाक होता, आणि पावसाळ्याचे चार महिने न वाळणारी लुगडी शेगडीवर धरून वाळवण्याचं खास लोणावळ्याचं काम होतं.

अंबू गोष्टी लिहायची. हे खूळ तिने तळेगावाहून, मास्तर असलेल्या वडिलांकडून आणलं होतं. सासरी आल्यावर पहिली दोन वर्षं ते ट्रंकेत पडून राहिलं. मग तिला शास्त्रातली एक फट सापडली.

शास्त्र असं की कोरड्याला विटाळ नाही. म्हणून बाहेर बसलेल्या सुनेपुढे तांदळाचं सूप सरकवता येतं. निवडलेला तांदूळ बाटत नाही, भिजवलेला बाटतो. बयाबाई, म्हणजे अंबूच्या सासूबाई, या विषयात पारंगत होत्या. वाचता येत नसलं तरी पाठ सगळं होतं.

"सासूबाई, कागद कोरडा ना?" अंबूने एकदा खडे वेचता वेचता विचारलं.

"कोरडाच की."

"आणि पेन्सिल?"

बयाबाईंनी पळभर विचार केला. "वर लाकूड, आत कोळसा. कोरडी."

"शाई?"

"शाई ओली. शाईला बोट लावायचं नाही."

वडगावच्या कोर्टात इतका सरळ निकाल क्वचित लागत असेल. दिगंबरपंतांनी मालधक्क्यावरचे रद्द झालेले छापील कागद आणून दिले, मागच्या बाजूने कोरे, आणि एक कॉपिंग पेन्सिल. त्या पेन्सिलीवर रेल्वेचा फार भरवसा. लिहिलेलं रबराने खोडता येत नाही. टोक जिभेला लावलं की अक्षर थेट शाईसारखं जांभळं उमटे, त्यामुळे धक्क्यावरच्या सगळ्या कारकुनांच्या जिभा जांभळ्या. अंबू मात्र टोक कधी जिभेला लावत नसे. निकाल कोरड्यापुरता होता.

वेळ असा मिळाला. पण गोष्ट नुसत्या वेळावर होत नाही. ती पुढे सरकायला "मग?" म्हणणारं कुणीतरी लागतं. हे काम झुंबरबाईकडे आलं.

झुंबरबाई तुंगार्लीची. घरची भातशेती, दोन म्हशी, आणि अंबूपेक्षा दहाएक वर्षांनी मोठी. रोज सकाळी डोक्यावर दुधाची चरवी घेऊन मागच्या दाराशी यायची. एरवी दूध बयाबाई घेत, आणि दोघींचा संवाद ठरलेला असे.

"झुंबरे, आज दुधात विहीर किती खोल?"

"काकू, म्हस पान्यात बसती. तिला मी काय करू?"

पण अंबू पडवीत असली की झुंबरबाई दूध देऊन पायरीवर टेकायची.

"आमच्यात न्हाई बा असं बसवत कुनाला," ती म्हणायची. "बायका बसल्या तर भात कोन लावंल? बापय?" आणि मग, "हां, वाचा. काल कुटं आलो हुतो?"

हे अंबूचं सगळं वाचकमंडळ. पुण्याच्या मासिकांना या मंडळाची कल्पना नव्हती. मंडळाला मासिकांची नव्हती.

१९१७ सालच्या माघात एक गोष्ट अर्ध्यावर आली होती. डोंगरापलीकडच्या वाडीतली एक बाई तापाने फणफणलेलं पोर पोटाशी धरून भर पावसात डॉक्टरकडे निघते. नदीला पूर. होडीवाला पलीकडच्या काठावर. तिसऱ्या दिवशी सकाळी अंबूने बाईला नदीपाशी आणून उभं केलं.

"मंग?" झुंबरबाई म्हणाली.

"मग आता पुढच्या महिन्यात."

"येवडं पावसात हुबं करून? तुमाला काय काळीज हाय का न्हाई, वैनी?"

पुढच्या महिन्यात कावळा शिवला नाही. एक दिवस गेला, दोन गेले, पाच गेले. सहाव्या दिवशी सकाळी तुळशीला पाणी घालताना अंबूने हात जोडले आणि मनात म्हणाली, एवढा महिना शिवू दे. पुढच्यापासून नाही शिवला तरी चालेल. माझी बाई नदीपाशी आहे.

मागणं म्हणाल तर तेवढंच. शेजारच्या बायका त्याच तुळशीपुढे बरोबर उलटं मागत असत, त्यामुळे देवाचाही थोडा गोंधळ झाला असेल. पण त्याने रीतसर तेच केलं जे तो नेहमी करतो. बयाबाईंनी पेढे वाटले. कागद कोनाड्यात गेले.

कार्तिकात मुलगा झाला. नाव अनंत ठेवलं. गोरा, टपोऱ्या डोळ्यांचा, आणि गाडी सुटायची शिट्टी झाली की दूध प्यायचं थांबून कान देणारा. दिगंबरपंतांना याचा कोण अभिमान. अंबू अंगावर पाजत होती, म्हणून कावळ्याचा पत्ता नव्हता, म्हणून पडवी नव्हती, म्हणून गोष्ट नव्हती. झुंबरबाई दूध द्यायला आली की पोराच्या गालाला बोट लावून म्हणायची, "तुज्यापायी ती बाई भिजतीया रं, ठावं हाय का? लेका, लवकर मोटा हो."

अंबू हसायची. मनात एक कुसळ होतं, ते कुणाला दिसत नव्हतं.

आश्विनात मानमोडीच्या तापाची साथ आली. लोणावळ्यात लाकडं कमी पडली, एवढं सांगितलं की पुरे. अनंत चार दिवस तापात होता. पाचव्या दिवशी मेलची शिट्टी झाली आणि त्याने कान दिला नाही. अकरा महिन्यांचा होता.

दोन महिन्यांनी, मार्गशीर्षात, कावळा शिवला.

अंबू पडवीत जाऊन बसली. पाठ भिंतीला, डोळे अंगणात. जे हवं होतं ते आता दर महिन्याला मिळणार होतं. थोड्या वेळाने बयाबाईंनी सूप सरकवलं. सुपात तांदूळ होते, तांदळावर पेन्सिल होती, आणि पेन्सिलीखाली कोनाड्यातले कागद. नातवाला जाऊन दोन महिने झाले तरी त्या स्वयंपाकघरात कुणाशीही बोलत नव्हत्या, देवाशी तर नाहीच.

अंबूने सकाळभर कागदांना हात लावला नाही. दुपारी लावला. मग ती थांबली नाही. दोन दिवस ती लिहीत होती, तांदळाचा एक दाणा निवडला गेला नाही आणि घरात कुणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी झुंबरबाई पायरीवर टेकली आणि नेहमीसारखं "मंग?" म्हणायला धजली नाही. अंबूने आपण होऊनच वाचायला सुरुवात केली.

बाई नदीपाशी उभी होती. तिने पोराला पाठीशी बांधलं, पुरात आडव्या आलेल्या एका ओंडक्याला मिठी मारली आणि स्वतःला सोडून दिलं. अर्धा कोस खाली ती पलीकडच्या काठाला लागली. पोर निळं पडलं होतं. तिने त्याला उलटं धरलं, पाठ चोळली, तोंडात फुंकर मारली. ते रडलं. डॉक्टरकडे पोचेपर्यंत ताप उतरला होता, आणि डॉक्टर म्हणाला, याला काही झालेलं नाही, उगीच आलीस.

"जगलं," झुंबरबाई पदराने डोळे पुसत म्हणाली. "बया, जगलं गं."

दाराआड काहीतरी हललं. बयाबाई चौकटीला धरून उभ्या होत्या. किती वेळ, ते कळलं नाही.

त्या दिवशी जेवताना बयाबाई दोन महिन्यांत पहिल्यांदा आपण होऊन बोलल्या. दिगंबरपंतांना म्हणाल्या, "ते पुण्याच्या मासिकात पाठवतात ना? तिचं पाठव."

"शाईत उतरवून द्यावं लागतं," दिगंबरपंत म्हणाले. "रविवारी मी उतरवतो. माझं अक्षर बरं आहे."

रविवार दोन दिवसांवर होता.

चौथ्या दिवशी सकाळी अंबू न्हायला गेली. रिकामी पडवी बघून बयाबाईंच्या मनात एक विचार आला, आणि तो त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मायेचा विचार असावा. आजवर हे कागद कोनाड्यात राहत होते, तोवर कोरडे म्हणून चालून जात होतं. आता ते परगावी जाणार. परक्यांच्या हातात पडणार, कुणाकुणाच्या घरी, कदाचित कुणाच्या देवघराशेजारी. आणि त्यांत पोर होतं. जगलेलं पोर. त्याच्या अंगावर विटाळाचा संशयसुद्धा घेऊन ते घराबाहेर पडायला नको.

त्यांनी ताम्हनात पाणी घेतलं, थोडं गोमूत्र घातलं, वर तुळशीचं पान टाकलं. देवाशी अबोला होता, तरी मंत्र म्हणाल्या. एकेक कागद त्यात बुडवला, आधी एक बाजू, मग दुसरी, लहान मुलाला न्हाऊ घालावं तसा, आणि पडवीच्या फरशीवर उन्हात मांडला.

अंबू ओल्या केसांनी आली तेव्हा शेवटचा कागद मांडून झाला होता. फरशी जांभळी झाली होती. ताम्हन जांभळं, तुळस जांभळी, बयाबाईंचे हात मनगटापर्यंत जांभळे. कागदांवर अक्षर नव्हतं. नुसता रंग होता, आणि तो उतारावरून मोरीकडे चालला होता.

"अगं," बयाबाई म्हणाल्या, "याला रंग कसा फुटला?"

"शाई आहे ती, सासूबाई. भिजली की शाई होते."

"मी तर कोरडी म्हणाले होते."

"कोरडीच होती."

बयाबाई हातांकडे बघत राहिल्या. मग ते हात त्यांनी पदराखाली घेतले. तो रंग पुढे आठ दिवस गेला नाही. त्या आठ दिवसांत त्यांनी कुणाला हाताने वाढलं नाही, आणि अंबूनेही कधी त्या हातांकडे पाहिलं नाही. दोघी एकमेकींना एवढंच देऊ शकत होत्या.

"आठवत असेल ना तुला?" रविवारी दिगंबरपंत हळूच म्हणाले. "पुन्हा लिही. मी नवी पेन्सिल आणतो. साधी."

पुढच्या महिन्यात अंबू नवी पेन्सिल घेऊन बसली. आठवत होतं, शब्दन्‌ शब्द. तिने वाडी लिहिली, पाऊस लिहिला, बाईला नदीपाशी आणलं, आणि हात थांबला. दुसऱ्या दिवशीही तिथेच थांबला.

"काय झालं?" पायरीवरून झुंबरबाईने विचारलं.

"एकदा नेलं तिला पलीकडे. दुसऱ्यांदा नेववत नाही." आणि मग, कुणाला कधी सांगायचं नाही असं ठरवलेलं तिने सांगून टाकलं. "मी मागितलं होतं, झुंबरबाई. तुळशीपाशी. हे पोर आत्ता नको म्हणून. गोष्टीसाठी."

झुंबरबाईने चरवी खाली ठेवली. "अवं वैनी, सात वर्सं मी खंडोबाला मागतीया, म्हशीला रेडी हू दे. दर साली रेडा. माजं सात वर्सांचं ऐकलं न्हाई, आन तुमचं येका महिन्याचं बरं ऐकलं? मोट्या लागून गेल्या."

अंबूला हसू आलं. आश्विनानंतर पहिल्यांदा. त्या हसण्यापाठोपाठ जे आलं ते बराच वेळ थांबलं नाही. झुंबरबाईने हात पुढे केला आणि अर्ध्यावरून मागे घेतला. त्यांच्यात विटाळ पाळत नसत, पण दार उघडं होतं आणि आत काकू होत्या.

"आन ह्ये बगा," ती म्हणाली, "पोरगं जगलंय. ह्या कानानं ऐकलंय मी. कागुद भिजला म्हनून पोर बुडत न्हाई. तुमाला लिवायचं न्हाई ना? नका लिवू. फुडलं मी सांगते. नाक टोचलंय त्याचं. नथू नाव ठिवलंय, म्हंजी सटवी फिरकायची न्हाई."

अशा तऱ्हेने अंबूचं लेखन संपलं. एकूण साहित्य, पुरी झालेली गोष्ट एक. आयुष्य एक रात्र.

आता ती ऐकायची. महिन्याला तीन सकाळी, जांभळा डाग पडलेल्या फरशीवर घोंगडी टाकून. नथू चालायला लागला. नथूने मास्तरांची टोपी पळवली. नथूला गोवर आला, आणि अंबू तो सबंध महिना घास गिळताना अडखळली, तर पुढच्या महिन्यात झुंबरबाई म्हणाली, "गोवर व्हय? कवाच गेला. म्या सांगितलं न्हाई?" मध्ये मुलगी झाली, रजनी; तिच्या वेळी पडवी पावणेदोन वर्षं सुटली. अंबू परत येऊन बसली तर झुंबरबाईने नथूला बिनदिक्कत पाच वर्षांचा केलेला. "तुमी नव्हता म्हनून त्यो वाडायचा थांबतो व्हय?"

रजनी मोठी झाली, तिचं पुण्याला लग्न झालं. घाटात विजेची इंजिनं आली. एकदा जेवताना दिगंबरपंत ताटाकडे बघत कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "मळवलीला सांध्यावाल्याची एक जागा भरायची आहे. अठरा पूर्ण हवेत." बयाबाईंनी लगेच आकडेमोड केली आणि म्हणाल्या, "होतात." पुढच्या खेपेला नथू मळवलीला रुळांचे सांधे बदलायच्या नोकरीला लागला. झुंबरबाईला ते कुणी कळवलं, याचा शोध अंबूने घेतला नाही.

१९४४च्या चैत्रात झुंबरबाईने नथूसाठी मुली बघायला काढल्या. "आंबीची येक हाय. नाकी डोळी झ्याक. पन पोरगं लाजतंय." तिला त्या सुमारास खोकला लागला होता, आणि पायरीवर बसली की उठायला वेळ लागायचा.

वैशाखात कावळा शिवला नाही. ज्येष्ठात नाही. अंबू सेहेचाळीस वर्षांची होती. यावेळी पेढ्यांचा प्रश्न नव्हता. आषाढात ती एका सकाळी मधल्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "सासूबाई, मी बाहेरची आहे."

बयाबाई सत्तरीच्या पुढे गेल्या होत्या, मोतीबिंदूने जवळजवळ आंधळ्या. पण या घरातल्या तिथ्या त्यांनी तीसेक वर्षं बोटांवर मोजल्या होत्या. त्यांनी अंगठा एकदा पेरांवरून फिरवला.

"शिवला म्हणतेस ना," त्या म्हणाल्या, "मग शिवला. जा, बस."

ते तीनही दिवस दिगंबरपंतांनी खिचडी केली. त्यांनाही सगळं ठाऊक होतं. "गाडी बंद झाली तरी दोन-चार महिने वेळापत्रकात नाव राहतंच," ते एवढंच म्हणाले आणि खिचडी करपली.

झुंबरबाईने आषाढात आंबीची मुलगी पक्की केली. श्रावणात सुपारी फुटायची होती. श्रावणातही अंबू खोटंच बाहेर बसली. पहिल्या दिवशी दूध घेऊन झुंबरबाईची सून शालू आली. दुसऱ्या दिवशीही तीच.

"सासू कुठे आहे तुझी?" अंबूने विचारलं.

"आत्याबाई गेल्या की. आइतवारी." शालूने डोळ्याला पदर लावला. "खोकल्यानं झोप नव्हती. शेवटाला भरमल्या. सारखं म्हनायच्या, वैनींना सांगा, पोराचं तुमी बगा आता. माज्यानं हुत न्हाई. कंचं पोर, कुनाला म्हाईत. आमच्या घरात तर समदी थोर हायती."

शालू गेली. दूध पायरीवर तसंच राहिलं.

तिसऱ्या दिवशी अंबूने दिगंबरपंतांकडून कागद मागून घेतला आणि पेन्सिल. नथूचं लग्न लिहायचं होतं. मांडव, अंतरपाट, मळवलीच्या सांध्यावर रजा मिळते की नाही याची ओढाताण; सगळं सोपं होतं. वेळही होता. आता कावळा शिवो न शिवो, रजनी सासरी, घरात माणसं तीन, वेळच वेळ. अंगणात पाऊस कोसळत होता. दुपारपर्यंत कागद कोरा राहिला.

मग मधलं दार वाजलं. भिंत चाचपत बयाबाई उंबरा ओलांडून पडवीत आल्या, घोंगडीची कड पायाला लागेपर्यंत चालल्या, आणि खाली बसल्या. इतक्या वर्षांत या घोंगडीवर त्या प्रथमच आल्या होत्या. विटाळ नाही हे दोघींना ठाऊक होतं. त्यांनी हात पुढे केला; तो आधी कागदाला लागला, मग अंबूच्या गुडघ्याला, आणि तिथेच राहिला.

"सूनबाई," त्यांनी विचारलं, "मग? पुढे काय झालं त्याचं?"

म्हणजे त्या पहिल्यापासून ऐकत होत्या. दाराआडून, सगळं. गोवर, टोपी, आंबीची मुलगी, सगळं.

अंबूने सांगायला तोंड उघडलं.

"पुढे काही नाही, सासूबाई," ती म्हणाली. "नदीला पूर होता. पोर पलीकडे पोचलंच नाही."

बयाबाईंनी मान हलवली. हात काढून घेतला नाही. दुसऱ्या हाताने त्यांनी शेजारचं सूप ओढून जवळ घेतलं आणि न दिसणारे खडे वेचू लागल्या.